दानपत्रातल्या अटी

मुंबईत भायखळ्याकडे जाणाऱ्या कोणत्याही बसमध्ये वाहकाने तिकिटाची चौकशी केली की, अलिबागेहून पहाटेच निघालेला शेतकरी, नागपाड्यातला हमाल आणि परळच्या चाळीतील वृद्धा ही तिघेही एकच शब्द उच्चारतात : ‘जेजे’. एका मुलाच्या आणि त्याच्या बापाच्या नावाची ती आद्याक्षरे आहेत, हे ध्यानात असणारे उतारू त्या बसमध्ये फारसे नसतात. मीही अनेक वर्षे त्यांच्यातलाच होतो. या लेखाच्या निमित्ताने रुग्णालयाच्या बाह्यरुग्ण विभागात गेलो, तेव्हा केसपेपरच्या खिडकीपुढची रांग दरवाजाबाहेर वळून पायऱ्यांपर्यंत आलेली होती. रांगेत पिवळसर पाकिटात क्ष-किरणांच्या फिल्मा छातीशी धरून उभ्या असलेल्या, संगमेश्वर तालुक्यातून आईला घेऊन आलेल्या एका तरुणाला मी सहज विचारले, “हे जेजे म्हणजे कोण हो?” त्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाला, “असतील कोणी सरकारी मोठे डॉक्टर, साहेब.” आणि खिडकीवरचा कारकून जेवायला उठतोय की काय, या चिंतेने तो पुन्हा पुढे पाहू लागला.

जमशेटजी जीजीभाई डॉक्टरही नव्हते आणि सरकारीही नव्हते. ते जहाजांचे मालक आणि चीनच्या पेठेतले व्यापारी होते. मुंबई, पुणे, सुरत, नवसारी या गावांत त्यांनी जी दाने दिली त्यांची यादी एखाद्या संस्थानच्या अंदाजपत्रकाएवढी लांब आहे. परंतु त्या यादीपेक्षा त्या दानांना जोडलेल्या अटी मला अधिक बोलक्या वाटतात. गलबत भाड्याने देताना मालक जसा करारनामा करून घेतो, किती माल, कोणत्या बंदरी, कोणत्या मुदतीत आणि नुकसान कोणाच्या माथी, हे सारे आधी कागदावर उतरवून मगच नांगर उचलू देतो, तसाच करारनामा या माणसाने धर्मादायाच्या प्रसंगीही केला. आणि त्या करारनाम्यातील दुसरा पक्ष बहुतेक वेळा खुद्द कंपनी सरकार होते.

जमशेटजींचा जन्म १५ जुलै १७८३ चा. घराणे नवसारीकडचे पारशी, परिस्थिती बेताची. १७९९ मध्ये आईबाप दोघेही निवर्तले, तेव्हा सोळा वर्षांचा हा मुलगा मुंबईत मामाच्या, फ्रामजी नसरवानजी यांच्या आश्रयाला राहिला. फ्रामजींचा धंदा रिकाम्या बाटल्यांचा, म्हणून आडनाव बाटलीवाला. आज हा धंदा ऐकून कोणी नाक मुरडील. पण ज्या बंदरात विलायती जहाजे लागत आणि काचेच्या बाटल्या येथे फारशा तयार होत नसत, तेथे रिकामी बाटली ही बऱ्यापैकी किमतीची वस्तू होती, आणि ती गोळा करणाऱ्याचा गोदीतल्या प्रत्येक खलाशाशी परिचय असे. भाच्याने त्या दुकानी हिशेब शिकून घेतला, १८०३ मध्ये मामाची मुलगी आवाबाई हिच्याशी विवाह केला, आणि मधल्या काळात चीनच्या सफरी सुरू केल्या. १८०७ पर्यंत अशा पाच सफरी झाल्या.

त्यांतली चौथी सफर कादंबरीकाराच्या हाती पडावयास हवी होती. १८०५ च्या जुलैत ‘ब्रन्सविक’ नावाचे जहाज सिंहलद्वीपाच्या दक्षिणेस असताना फ्रेंच अॅडमिरल लिन्वा याच्या लढाऊ जहाजांनी ते पकडले. नेपोलियनच्या युद्धाचा हात हिंदी महासागरापर्यंत पोचला होता. मालमत्ता गेली, प्रवासी बंदी झाले, आणि पकडलेले जहाज आफ्रिकेच्या दक्षिण टोकाशी, सायमनच्या उपसागरात, नेले असता तेथे ते फुटले. हिंदी व्यापारी, अंगावरच्या कपड्यांनिशी, परक्या खंडाच्या टोकावर, खिशात जवळजवळ काही नाही, अशा अवस्थेतून जमशेटजी एका डॅनिश जहाजाने कलकत्त्यास आणि तेथून मुंबईस परतले. त्याच ‘ब्रन्सविक’वर विल्यम जार्डिन नावाचा त्यांच्याच वयाचा एक स्कॉटिश शस्त्रवैद्य होता. दोघांची ओळख त्या आपत्तीत झाली. पुढे या जार्डिनने वैद्यकी सोडून व्यापार धरला, १८३२ मध्ये कँटनला जेम्स मॅथिसन याच्या भागीदारीत ‘जार्डिन मॅथिसन’ ही पेढी काढली, आणि त्या पेढीशी मुंबईहून सर्वांत मोठा व्यवहार करणाऱ्यांत जमशेटजींची गणना होऊ लागली. व्यापारी पेढ्यांच्या इतिहासात जामीनकीची कागदपत्रे भरपूर सापडतात. एकाच बुडत्या नशिबाची साथ हा जामीन मात्र क्वचितच कोणाला लाभतो.

१८०७ नंतर जमशेटजी स्वतः समुद्रावर गेले नाहीत, त्यांची गलबते गेली. १८१४ मध्ये त्यांनी ‘गुड सक्सेस’ हे जहाज घेतले आणि मागाहून आणखी घेत गेले. मालाचा व्यापारी जहाजाचा मालक का होतो, हे त्या काळच्या वाऱ्यांवरून कळते. पावसाळ्याच्या नैर्ऋत्य वाऱ्यावर मुंबईहून निघावयाचे आणि हिवाळ्यातील ईशान्य वाऱ्यावर चीनहून परत यावयाचे, असा वर्षाचा बांधलेला क्रम होता. परक्याच्या जहाजाची वाट पाहत बसलेला व्यापारी त्या क्रमात एक पंधरवडा मागे पडला, तर कँटनला पोचेपर्यंत कापसाचा भाव उतरलेला असे. जहाज आपले असले म्हणजे निघण्याचा दिवस आपला, आणि माल विकला जावो वा पडून राहो, इतरांच्या मालाचे भाडे तरी पदरी पडे. या उद्योगात त्यांचे भागीदार पाहिले म्हणजे त्या वेळच्या मुंबईची घडण दिसते : जैन मोतीचंद अमीचंद, म्हणजेच मोतीशा शेठ, कोकणी मुसलमान मोहम्मद अली रोघे, ज्यांच्या समाजात नाखुदांची परंपरा पिढीजात, आणि गोमंतकीय ख्रिस्ती रोजेरिओ द फारिया, ज्यांचे दमणच्या पोर्तुगीज अंमलदारांशी सख्य होते. चार धर्मांचे हे चार गृहस्थ एकमेकांच्या घरी जेवत असतील की नाही कोण जाणे, पण एकमेकांच्या हुंड्या डोळे मिटून स्वीकारीत.

दमणचे नाव आले म्हणजे अफूचे नाव घ्यावेच लागते. आणि ते घेताना आपल्या लेखकांची लेखणी अडखळते. जमशेटजींच्या संपत्तीत कापसाचा वाटा होता, जहाजभाड्याचा होता, पण मोठा वाटा माळव्याच्या अफूचा होता. बंगालच्या अफूवर कंपनीची मक्तेदारी होती. माळव्याची अफू शिंदे-होळकरांच्या मुलखात पिके, आणि कंपनीने आपल्या वाटा रोखल्या तर ती राजपुतान्यातून कराचीस किंवा गुजरातेतून दमणास निघून जाई. इंदूर आणि ग्वाल्हेरच्या दरबारांनाही त्या पिकावरील करापासून चांगले उत्पन्न होते. तेव्हा या प्रकरणी पारशी शेठजींकडे बोट दाखवणाऱ्या मराठी माणसाने आपल्याच सरदारांच्या जमाबंदीकडेही एकदा पाहावे. अडवून अडत नाही असे दिसल्यावर कंपनीने मुंबईतून अफू नेण्यास परवाने दिले व दर पेटीस फी घेतली. १८४३ मध्ये सिंध खालसा झाल्यावर कराचीची वाट बंद झाली आणि १८४७ पर्यंत ही फी पेटीमागे ४०० रुपयांवर गेली. एका पेटीत सुमारे दीड मण अफू असे. कंपनी स्वतःच्या जहाजातून एकही पेटी नेत नसे, कारण चिनी बादशहाने तो व्यापार निषिद्ध ठरवला होता. ते काम खासगी व्यापाऱ्यांच्या गलबतांकडे सोपवलेले. अफू विकून आलेली चांदी ते व्यापारी कँटनला कंपनीच्याच खजिन्यात भरीत, तिच्यावर कंपनी चहा विकत घेई, आणि व्यापाऱ्यांना लंडन-कलकत्त्यावरच्या हुंड्या मिळत. इतका चोख व्यवहार, की पाप कोणाच्याच खतावणीत जमेस धरलेले सापडू नये.

१८३९ मध्ये आयुक्त लिन झेश्यू याने कँटनला परकीय व्यापाऱ्यांकडून २०,२८३ पेट्या हस्तगत करून नष्ट केल्या. त्यांत मुंबईच्या व्यापाऱ्यांचा माल मोठा होता, जमशेटजींचाही होता. त्यातून जे युद्ध पेटले ते १८४२ च्या ऑगस्टात नानकिंगच्या तहाने संपले, हाँगकाँग इंग्रजांकडे गेले. आणि त्याच १८४२ साली जमशेटजींना राणीने ‘सर’ ही पदवी दिली. हा मान मिळालेले ते पहिले हिंदी गृहस्थ. या दोन घटनांत कार्यकारणभाव होता असे मी म्हणत नाही. परंतु ज्या वर्षी चीनची बंदरे शस्त्राच्या बळावर उघडली गेली, त्याच वर्षी तो व्यापार करणाऱ्या सज्जनास औदार्याचे प्रशस्तिपत्र मिळावे, हा योग त्या काळी फारशा कोणाला खटकला नाही, एवढे नमूद केले पाहिजे. आणि तो सज्जन होता, यातही शंका घेण्याचे कारण मला सापडले नाही. मनुष्यस्वभावात हे दोन्ही एकत्र नांदते.

आता अटी. आरंभीची दाने साधी होती. १८२२ मध्ये त्यांनी मुंबईच्या दिवाणी तुरुंगातील गरीब ऋणकोंची देणी फेडून त्यांना सोडवले. कर्जापायी माणूस डांबला जातो याची धास्ती व्यापाऱ्याइतकी कोणाला असणार? १८३२ मध्ये भटकी कुत्री मारण्याच्या हुकुमावरून पारशी समाज रस्त्यावर उतरला आणि दंगा झाला, त्यानंतर दोन वर्षांनी मोतीशा शेठांच्या घराण्याबरोबर त्यांनी भुलेश्वरचा पांजरपोळ उभा केला. तो आजही तेथेच आहे, आणि सकाळी गाईला चारा घालण्यासाठी पेढ्या उघडण्यापूर्वी येणारे व्यापारी त्याच्या दारात आजही दिसतात. सरकारने गुरे चारण्यावर कर बसवला तेव्हा ठाकूरद्वाराजवळचे कुरण स्वतः विकत घेऊन गोरगरिबांच्या गुरांसाठी मोकळे ठेवल्याची हकिगत प्रसिद्ध आहे. येथवर दाता एकटा होता : सरकारने काही केले, त्याचा चटका लोकांना बसला, आणि शेठजींनी आपल्या थैलीतून त्यावर मलम लावले.

रुग्णालयाच्या बाबतीत प्रकार बदलला. मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या मनात एतद्देशीयांसाठी वैद्यकीय विद्यालय काढावयाचे होते. ते १८३८ मध्ये वारले, पण योजना राहिली. जमशेटजींनी रुग्णालयासाठी एक लाख रुपये देऊ केले आणि तितकीच रक्कम सरकारने घालावी, असे सांगितले. ही अट वरवर लहान दिसते. पण जे सरकार तोवर लष्कर, जमाबंदी आणि न्याय यांखेरीज रयतेच्या फारशा कशाचे देणे मानीत नव्हते, त्याला रयतेच्या आजारपणाचा निम्मा भागीदार करून टाकणारा हा दस्तऐवज होता. भागीदारी एकदा कागदावर आली की तीतून अंग काढणे कठीण, हे चीनशी व्यापार केलेल्या त्या मुरब्बी शेठजींना पुरते ठाऊक होते. ३ जानेवारी १८४३ रोजी कोनशिला बसली, १५ मे १८४५ रोजी रुग्णालय उघडले, आणि त्याच वर्षी शेजारी ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले, ज्याच्या पहिल्या पदवीधरांत पुढे मुंबईच्या सार्वजनिक जीवनात गाजलेले डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. केसपेपरच्या त्या रांगेतून जो आज पुढे सरकतो, त्याला सरकारकडून उपचार मागण्याचा हक्क आहे असे वाटते आणि त्यात त्याला काही विशेष वाटत नाही. तो हक्क १८३८ च्या सुमारास कोणाच्या स्वप्नातही नव्हता. याच आवारात पुढे जहाजबांधणीसाठी विख्यात असलेल्या वाडिया कुळातील बाई मोतलीबाई यांनी प्रसूती रुग्णालय बांधून दिले.

माहीमच्या बांधाची गोष्ट आवाबाईंची. साष्टी आणि माहीम यांच्यामधली खाडी नावेने ओलांडावी लागे, आणि पावसाळ्यात नावा उलटून माणसे बुडत. सरकार पूल बांधण्यास राजी नव्हते. खर्च मोठा, उत्पन्न शून्य. आवाबाईंनी दीड लाखाहून अधिक रुपये दिले आणि त्याबरोबर असे ठरवून घेतले की, या वाटेवर जाणाऱ्यायेणाऱ्यांकडून पथकर घेता कामा नये. १८४५ मध्ये रस्ता खुला झाला. आज तो लेडी जमशेटजी मार्गाचे उत्तरेकडील टोक; बोलण्यात ‘एल. जे. रोड’. मी संध्याकाळी तेथे उभा राहिलो, तेव्हा वाहनांची रीघ इंचाइंचाने वांद्र्याकडे सरकत होती, खाडीच्या चिखलात माहीम कोळीवाड्याच्या होड्या ओहोटीमुळे कलंडलेल्या होत्या, आणि पश्चिमेस २००९ मध्ये उघडलेल्या सागरी सेतूच्या तारा उन्हात दिसत होत्या. त्या सेतूवर पथकर आहे. जाळे विणत बसलेल्या एका कोळ्याला मी विचारले, कोणत्या वाटेने जाता? तो म्हणाला, “आमी हितनंच. तिथं पैसं कोन देल?” आवाबाईंची अट पावणेदोनशे वर्षांनंतरही अशी रोज अंमलात आहे. बहुतेक सरकारी तहनाम्यांचे आयुष्य याहून तोकडे असते.

मुंबईच्या जे. जे. कलाशाळेची देणगी १८५३ ची, रक्कम पुन्हा एक लाख. दोनच वर्षांपूर्वी लंडनला भरलेल्या जगप्रदर्शनात हिंदी कारागिरांच्या वस्तूंनी युरोपियनांचे डोळे दिपवले होते, आणि इकडे त्याच कारागिरांची पोटे मँचेस्टरच्या मालाखाली खपाटीस जात होती. जमशेटजींना चित्रकारांची अकादमी काढावयाची नव्हती. त्यांच्या डोळ्यांपुढे मातीकाम, धातुकाम, लाकडावरील कोरीव काम करणारा कारागीर होता, त्याला हात आणि आलेखन दोन्ही शिकवावे असा त्यांचा आग्रह होता. मार्च १८५७ मध्ये शाळा सुरू झाली. पुढे ती वेगळ्याच वाटेने गेली, दात्याच्या कल्पनेबाहेर गेली. म्हात्रे शिल्पकार तेथलेच; दादासाहेब फाळके तेथे शिकले; आणि चित्रकार धुरंधर तर विद्यार्थी म्हणून आले आणि १९३० मध्ये तेथले संचालक झाले. ही एकच अट मोडली गेली आणि ती मोडल्याबद्दल मराठी माणसाने कृतज्ञ राहावे, असे माझे मत आहे.

या काळात त्यांचा मूळ उद्योग मात्र आटत होता. आगबोटी आल्या, आणि वाऱ्याच्या क्रमाचे मोल गेले. विलायती पेढ्यांनी अडत, विमा, हुंडी हे सारे आपल्या हाती घेतले, आणि हिंदी जहाजमालक हळूहळू त्यांचा गिऱ्हाईक झाला. वृद्ध शेठजींनी आगगाडीकडे पाहिले : १८४५ मध्ये नाना शंकरशेट यांच्यासमवेत त्यांनी रेल्वेसाठी मंडळ स्थापले, आणि १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्यास पहिली गाडी धावली. समुद्र मात्र हिंदी माणसाच्या हातून गेला तो गेलाच; ५ एप्रिल १९१९ रोजी सोलापूरच्या वालचंद हिराचंदांच्या कंपनीचे ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनास निघेपर्यंत. त्या कंपनीचे नाव ‘सिंदिया’, कारण ते जहाज ग्वाल्हेरच्या महाराजांकडून घेतलेले. माळव्याची अफू आणि ‘लॉयल्टी’ बोट, दोन्ही ठिकाणी शिंद्यांचे नाव भेटते. इतिहासाला असली थट्टा फार आवडते.

१८५७ मध्ये त्यांना वंशपरंपरेची बॅरोनेट ही पदवी मिळाली, १८५९ च्या एप्रिलात ते वारले, आणि १८६० मध्ये कलकत्त्याच्या कायदेमंडळाने एक खास कायदा करून असे ठरवले की, या पदवीच्या प्रत्येक वारसाने आपले नाव टाकून ‘जमशेटजी जीजीभाई’ हेच नाव धारण करावे. मयताच्या मागेही त्याची अट चालू राहिल्याचे याहून चोख उदाहरण मला माहीत नाही.

पुण्याचे राहिले. मुळा-मुठेवरचा बंधारा १८५० च्या सुमारास पुरा झाला, खर्च अडीच लाखांच्या पुढे गेला, आणि त्यांतले सुमारे पावणेदोन लाख जमशेटजींचे. नदीचे पाणी लोकांना मिळावे एवढ्याकरिता. बंडगार्डन या नावातला ‘बंड’ तो हाच. बागेत सकाळी चालायला येणाऱ्यांच्या बाकावर मला एक निवृत्त गृहस्थ भेटले, त्यांची हयात पाणीपुरवठ्याच्या कामात गेलेली. हा बंधारा कोणाच्या पैशातून झाला हे त्यांना ठाऊक होते का, असे विचारता ते हसले. “पैसे कोणी दिले याची चौकशी आमच्याकडे कधी झाली नाही,” ते म्हणाले. “गाळ कोणी काढायचा, यावरून मात्र दर उन्हाळ्यात दोन खात्यांची पत्रापत्री चाले. तुमच्या शेठजींनी तेवढं कलम घालायला हवं होतं.”